जुन्या पुस्तकांच्या बाजारात बाबासाहेब

१९१३ सालच्या जुलै महिन्यात भीमराव रामजी आंबेडकर नावाचा बावीस वर्षांचा तरुण न्यूयॉर्कमध्ये दाखल झाला. बडोदा संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती हाच त्याचा आधार होता. त्या रकमेतून कोलंबिया विद्यापीठातील शिक्षण आणि राहण्या-जेवण्याचा खर्च भागवायचा होता. शिवाय मुंबईत परळच्या चाळीत मागे राहिलेल्या कुटुंबाला पैसे पाठवायचे होते. तीन वर्षांनी त्याने हे शहर सोडले, तेव्हा त्याच्या संग्रही सुमारे दोन हजार पुस्तके होती.

ही पुस्तके नवी कोरी नव्हती. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत तासन् तास उभे राहून, एकेक ग्रंथ चाळून, किमतीचा आणि खिशाचा मेळ घालून ती जमवलेली होती. भारताच्या राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्या प्रचंड ग्रंथसंग्रहाविषयीही आदराने बोलले जाते. मात्र या संग्रहाचा पाया जुन्या बाजारातील स्वस्त पुस्तकांवर उभा राहिला आणि त्यासाठी त्यांनी व त्यांच्या घरच्यांनी फार मोठी किंमत मोजली, हे अनेकदा विसरले जाते.

वडिलांचा वारसा

पुस्तकासाठी पदरमोड करण्याची सवय बाबासाहेबांना घरातूनच लागली होती. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव हे सुभेदार रामजी मालोजी सकपाळ आणि भीमाबाई यांचे चौदावे अपत्य. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. लष्करातून निवृत्त झाल्यावर रामजींचे कुटुंब दापोली, सातारा असे मुक्काम करीत अखेर मुंबईला आले. परळच्या कामगार वस्तीत डबक चाळीतील एका खोलीत त्यांचा संसार सुरू झाला. स्वयंपाक, सरपण, झोपणे आणि अभ्यास हे सारे त्याच खोलीत. रात्री दोन वाजता वडिलांनी मुलाला उठवायचे आणि घरात निजानीज असताना त्याने दिव्याच्या उजेडात वाचत बसायचे, हा क्रम ठरून गेला होता.

रामजींचे उत्पन्न म्हणजे तुटपुंजे निवृत्तिवेतन. तरीही मुलाने एखादे पुस्तक मागितले की त्यांच्या तोंडून नकार येत नसे. पैसे नसले की ते मुंबईतच दिलेल्या आपल्या विवाहित मुलींकडे जात. एकीकडे उसने पैसे मिळाले नाहीत, तर दुसरीचा एखादा दागिना मागून घेत, तो सावकाराकडे गहाण ठेवीत आणि पुस्तक विकत आणीत. निवृत्तिवेतन हाती पडले की दागिना सोडवून लेकीला परत करीत. क्रमिक पुस्तकांखेरीज इतर पुस्तके वाचण्याचा मुलाचा नाद वडिलांना फारसा पसंत नव्हता. तरीही त्या नादासाठी झळ सोसायला ते तयार असत. पुस्तकासाठी घरातील सोने बाहेर जाताना पाहिलेला हा मुलगा पुढे स्वतःचे जेवण कमी करून पुस्तके घेऊ लागला, यात नवल नाही.

शाळेतील अनुभव मात्र निराळा होता. साताऱ्याच्या शाळेत त्याला इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतल्याशिवाय प्यायला मिळत नसे. मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत घेण्याची त्याची इच्छा होती. परंतु अस्पृश्य विद्यार्थ्याला संस्कृत शिकण्याची वाट बंद असल्याने त्याला फारसी हा विषय घ्यावा लागला. ज्ञान समोर असूनही आपल्याला त्याला हात लावता येत नाही, ही जाणीव या वयातच त्याच्या मनात खोल रुजली.

चर्नी रोडच्या बागेतील भेट

याच काळात शाळा सुटल्यावर तो चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. तेथे नेमाने येणारे कृष्णराव अर्जुन केळूसकर हे शिक्षक आणि ग्रंथकार या मुलाच्या वाचनाकडे आकृष्ट झाले. त्यांनी विचारपूस केली, पुस्तके दिली आणि काय वाचावे याचे मार्गदर्शनही केले. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा अस्पृश्य समाजातील मुलाचे हे यश साजरे करण्यासाठी सभा भरली. त्या सभेत केळूसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र त्यांना भेट दिले. पुढे पन्नास वर्षे हे पुस्तक त्यांच्या विचारांच्या पाठीशी राहिले.

त्या सुमारास त्यांचा विवाह झाला, तोही बाजारातच. भायखळ्याच्या बाजारातील दिवसभराचे व्यवहार आटोपले, विक्रेते निघून गेले आणि रात्री त्याच मोकळ्या जागेत भीमराव आणि रमाबाई यांचे लग्न लागले. पहाट होताच वऱ्हाडी मंडळींनी बाजार पुन्हा विक्रेत्यांसाठी मोकळा करून दिला.

केळूसकरांच्याच खटपटीमुळे महाराजा सयाजीराव गायकवाड यांची दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१२ मध्ये भीमराव बी. ए. झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी वडिलांचे निधन झाले. त्याच वर्षी उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला जाण्याची संधी चालून आली.

न्यूयॉर्कची दोन हजार पुस्तके

न्यूयॉर्क हे त्या काळी जुन्या पुस्तकांच्या शौकिनांचे शहर होते. मॅनहॅटनमधील फोर्थ अ‍ॅव्हेन्यूवर युनियन स्क्वेअरपासून अ‍ॅस्टर प्लेसपर्यंत जुन्या पुस्तकांच्या दुकानांची रांग उभी राहू लागली होती. ती पुढे 'बुक रो' या नावाने प्रसिद्धीस आली. अशा दुकानांत मौल्यवान ग्रंथ आत फडताळांत असत आणि स्वस्तातली पुस्तके बाहेर मेजांवर ढिगाने पडलेली असत. नवी आवृत्ती निघाली की जुनीची किंमत उतरे. पुठ्ठा निखळला, आधीच्या मालकाची सही किंवा शाईच्या खुणा राहिल्या की ती आणखी उतरे. ज्याला पुस्तकाचे बाह्य रूप नको, आतील मजकूर हवा, त्याच्यासाठी हा ढीग म्हणजे खजिनाच असतो. मात्र तो खजिना हाती लागायचा तर वेळ हवा, चिकाटी हवी आणि आपल्याला नेमके काय हवे याची पक्की जाण हवी.

भीमरावांकडे पैसे सोडून या तिन्ही गोष्टी होत्या. अर्थशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय. जोडीला समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान आणि राज्यशास्त्र. प्रा. एडविन सेलिग्मन यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाचे आणि जॉन ड्यूई यांच्यासारख्या तत्त्वज्ञाचे मार्गदर्शन त्यांना लाभले. नाटक-तमाशे, खाणेपिणे, सहली यांवर खर्च न करता ते अत्यंत साध्या आहारावर भागवीत. उरलेले पैसे घरी आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जात. दिवसाचे कित्येक तास अभ्यास आणि सुटीच्या वेळी पुस्तकांचा शोध, असे त्यांचे आयुष्य होते.

या खरेदीला शौकाखेरीज दुसरे कारण होते. कोलंबियाचे समृद्ध ग्रंथालय त्यांना खुले होते, पण ते तीन वर्षांपुरतेच. शिष्यवृत्तीची मुदत संपली की परतावे लागणार आणि परतल्यावर एवढे ग्रंथ एका जागी वाचायला मिळणार नाहीत, हे उघड होते. ज्याला स्वतःच्या देशात पाणवठ्यापासून देवळापर्यंत सर्वत्र अडवले जात होते, त्याला पुस्तक स्वतःच्या मालकीचे असण्याचे मोल निराळेच वाटणार. जुन्या पुस्तकांचा विक्रेता गिऱ्हाइकाची जात विचारीत नाही. मागितलेला दाम हाती ठेवला की पुस्तक त्याचे होते. जन्माने मिळालेल्या दर्जामुळे संस्कृतचा वर्ग ज्याला बंद झाला, त्याला हा बाजार पूर्णपणे खुला होता.

या वाचनाचे फळ लवकरच दिसले. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेच्या उगमावर निबंध वाचला. पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याचा हा निबंध आजही जगभरच्या विद्यापीठांत अभ्यासला जातो.

दोनदा झालेले नुकसान

१९१६ च्या जूनमध्ये भीमराव न्यूयॉर्कहून लंडनला निघाले. दोन हजार पुस्तके बरोबर नेणे शक्य नव्हते. ती भारतात पोहोचविण्यासाठी त्यांनी एका स्नेह्याच्या हवाली केली. त्यांपैकी अनेक पुस्तके वाटेतच नाहीशी झाली. तीन वर्षांच्या काटकसरीतून उभ्या राहिलेल्या संग्रहाचा काही भागच मालकाच्या हाती लागला.

लंडनमध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला आणि बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इनमध्येही नाव दाखल केले. हे शहर तर जुन्या पुस्तकांचे माहेरघरच. चेअरिंग क्रॉस रोडवर दुकाने होती आणि ग्रेज इनपासून पायी जाता येईल अशा फॅरिंग्डन रोडवर हातगाड्यांवर जुनी पुस्तके मांडलेली असत. येथेही त्यांनी ग्रंथ जमवले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले.

पहिले महायुद्ध ऐन भरात होते. समुद्रात जर्मन पाणबुड्यांचा सुळसुळाट होता. भीमरावांनी पुस्तके आणि इतर सामान थॉमस कुक कंपनीमार्फत वेगळ्या बोटीने रवाना केले. स्वतः ते रेल्वेने फ्रान्समधील मार्सेयला गेले आणि तेथून 'कैसर-ए-हिंद' या बोटीवर चढले. प्रवास सुरू असतानाच एक बोट बुडविली गेल्याचे वृत्त मुंबईत येऊन थडकले आणि घरच्यांच्या तोंडचे पाणी पळाले. चौकशीअंती कळले की भीमराव सुखरूप आहेत, बुडाली ती त्यांचे सामान असलेली बोट. २१ ऑगस्ट १९१७ रोजी ते मुंबईला पोहोचले. पुस्तके मात्र समुद्राच्या तळाशी गेली होती.

या नुकसानीबद्दल कंपनीकडून सहाशे रुपये भरपाई मिळाली. शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू होणे भाग होते, पण तेथवर जायलाही हाती पैसा नव्हता. त्या सहाशे रुपयांतील काही रक्कम घरखर्चासाठी देऊन उरलेल्यातून त्यांनी बडोद्याची वाट धरली. बुडालेल्या पुस्तकांच्या पैशांतून त्यांच्या पहिल्या मोठ्या नोकरीचा प्रवासखर्च निघाला.

बडोद्याची एकाकी रात्र

कोलंबियाची पदवी घेतलेल्या या अधिकाऱ्याला बडोद्यात राहायला जागा मिळेना. अखेर एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून त्यांनी आसरा घेतला. अडगळीने भरलेल्या वरच्या मोठ्या दालनात विजेचा दिवा नव्हता. कंदिलाच्या मिणमिणत्या उजेडात, वटवाघळांच्या फडफडाटात त्यांना रात्री काढाव्या लागत. बोलायला माणूस नव्हते. तेव्हा त्यांनी पुस्तकांची सोबत धरली आणि वाचनात एकटेपणा विसरण्याचा प्रयत्न केला. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांना जागा सोडावी लागली. शहरात दुसरा थारा मिळाला नाही. रात्रीच्या गाडीची वाट पाहत सार्वजनिक बागेत बसून राहिलेले आंबेडकर मुंबईला परतले.

१९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी मिळाली. पगार बरा असूनही राहणी बदलली नाही. परळच्या चाळीतील दोन खोल्यांत राहून त्यांनी पैसा साठवला. त्याला कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांच्या मदतीची आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेल्या पाच हजार रुपयांच्या कर्जाची जोड मिळाली. १९२० मध्ये अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी ते पुन्हा लंडनला गेले.

पापड, दूध आणि ब्रिटिश म्युझियम

या वेळी शिष्यवृत्ती नव्हती. पैसा स्वतःचा आणि उसना होता. सकाळी पावाचा एखादा तुकडा आणि कपभर पेय घेऊन ते ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय गाठीत. दुपारच्या जेवणासाठी उठणे त्यांना परवडत नसे, पैशानेही आणि वेळानेही. सायंकाळी ग्रंथालय बंद होईपर्यंत ते जागा सोडीत नसत. रात्री भूक अनावर झाली की ओळखीच्या एका गृहस्थाने दिलेले पापड पत्र्यावर भाजून कपभर दुधाबरोबर खात आणि पहाटेपर्यंत वाचत बसत. जुन्या पुस्तकांची खरेदी या हलाखीतही थांबली नाही.

इकडे परळच्या चाळीत रमाबाई संसाराचा गाडा ओढत होत्या. पतीच्या शिक्षणात खंड पडू नये म्हणून त्यांनी हालअपेष्टा मुकाट्याने सोसल्या. या दांपत्याची चार अपत्ये लहानपणीच दगावली. एकटे यशवंत वाचले. लंडनमधील प्रत्येक पुस्तकामागे मुंबईतील त्या दोन खोल्यांमधील काटकसर उभी होती. पैसे संपल्यामुळे १९२३ च्या एप्रिलमध्ये आंबेडकर मायदेशी परतले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधात परीक्षकांनी सुचविलेल्या सुधारणा त्यांनी मुंबईहून करून पाठविल्या. त्याच वर्षी लंडन विद्यापीठाने त्यांना डी. एस्सी. ही पदवी बहाल केली आणि प्रबंध ग्रंथरूपानेही प्रसिद्ध झाला. कोलंबियाच्या पीएच. डी.चा प्रबंध १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९२७ मध्ये त्या पदवीवर शिक्कामोर्तब झाले.

पुस्तकांसाठी बांधलेले घर

महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह, नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह, गोलमेज परिषदा, पुणे करार अशा एकामागून एक घटनांनी पुढची वर्षे व्यापली. वकिली, वृत्तपत्रे आणि सभा या धकाधकीतही पुस्तकांची आवक सुरूच होती. चाळीतील दोन खोल्यांत त्यांना ठेवायला जागा उरली नाही. तेव्हा दादरच्या हिंदू कॉलनीत कर्ज काढून त्यांनी घर बांधले. त्यात पुस्तकांसाठी प्रशस्त जागा प्रथम आखली गेली, माणसांची सोय नंतर. प्राचीन मगधाच्या राजधानीवरून या वास्तूला 'राजगृह' हे नाव दिले. एकेकाळी एकाच खोलीत सरपणाशेजारी बसून वाचणाऱ्या मुलाला आता स्वतःचे ग्रंथालय मिळाले होते. या वैभवात रमाबाईंना फार दिवस राहता आले नाही. २७ मे १९३५ रोजी त्यांचे निधन झाले.

आपली पुस्तके कुणाला घरी न्यायला देणे बाबासाहेबांना मानवत नसे. न्यूयॉर्कच्या संग्रहाची वाताहत आणि समुद्रात बुडालेल्या पेट्या ज्याने अनुभवल्या, त्याची ही काळजी समजण्यासारखी आहे. मात्र याच माणसाने पुढे आपल्या ग्रंथांचा मोठा भाग विद्यार्थ्यांच्या हाती सोपविला. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. त्यांच्या संग्रहातील हजारो ग्रंथ या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आले. फोर्ट भागातील ही इमारत फ्लोरा फाउंटनपासून जवळच आहे. त्याच परिसरातील पदपथांवर मुंबईच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी जुनी पुस्तके घासाघीस करून घेतली. जुन्या बाजारातून आलेले ग्रंथ अखेर जुन्या पुस्तकांच्या सान्निध्यात विसावले.

अखेरचे पान

घटना समितीच्या मसुदा समितीचे अध्यक्ष आणि स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री म्हणून बाबासाहेबांनी केलेले कार्य सर्वश्रुत आहे. १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर ते दिल्लीत अलीपूर रोडवरील निवासस्थानी राहत होते. मधुमेहाने शरीर पोखरले होते, दृष्टी मंदावत चालली होती, तरीही वाचन आणि लेखन चालूच होते. केळूसकरांनी दिलेल्या बुद्धचरित्राने सुरू झालेला प्रवास १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या धम्मदीक्षेपर्यंत येऊन पोहोचला. 'द बुद्धा अँड हिज धम्म' हा ग्रंथही लिहून झाला होता. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी वडिलांची आणि केळूसकर गुरुजींच्या त्या भेटीची कृतज्ञतेने आठवण ठेवली. ५ डिसेंबरच्या रात्री या प्रस्तावनेची टंकलिखित प्रत त्यांनी तपासण्यासाठी उशाशी मागवून घेतली. ६ डिसेंबरच्या पहाटेपूर्वी झोपेतच त्यांचे निधन झाले. ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला.

दरवर्षी ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर लाखो अनुयायी येतात. त्या दिवशी शेजारच्या शिवाजी पार्क मैदानावर पुस्तकांचे स्टॉल लागतात. नागपूरच्या दीक्षाभूमीवरही असाच पुस्तकांचा बाजार भरतो. खेड्यापाड्यांतून रेल्वेने आलेली, शिदोरी बांधून आणलेली माणसे तेथे पुस्तके हाताळतात, किंमत विचारतात, जवळचे पैसे मोजतात आणि परवडेल ते पुस्तक पिशवीत घालून गावी नेतात. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या समग्र लेखन आणि भाषणांच्या खंडांसाठी लोक रांगा लावतात. खिशातील मोजक्या पैशांतून प्रवासखर्च बाजूला काढून उरलेल्यात पुस्तक बसते का, याचा हिशेब करणारा बाप आणि शेजारी उभा असलेला त्याचा मुलगा तेथे हटकून दिसतो. सुभेदार रामजींनी लेकीचा दागिना गहाण टाकून सुरू केलेली ती खरेदी अजून थांबलेली नाही.